दामाजींचे कोठार आणि कामाची हमी

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात कितीदा तरी ऐकली आहे. दुष्काळ पडला, माणसे अन्नान्न करू लागली, आणि दामाजींनी बेदरच्या बादशहाचे कोठार हुकूम नसताना रयतेसाठी उघडले. पुढे देवाने विठू महाराचे रूप घेऊन त्या धान्याची किंमत भरली, येथे टाळ वाजतात आणि आपले डोळे भरून येतात. आम्हांस त्या कथेत एक निराळाच प्रश्न दिसतो. कोठार सरकारचे, पण त्यातले दाणे पिकवले कोणी? ज्यांची पोटे खपाटीला गेली होती त्यांनीच ना? मग दामाजींनी केले ते दान म्हणावे, की ज्याचे त्याला परत देणे म्हणावे?

आजही हा वाद आपल्या फडांतून ऐकू येतो. कोणी म्हणतो, गरिबी हे प्रारब्ध, सरकारने त्यात हात का घालावा? याचे उत्तर थोडक्यात देता येते. स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हणून ते सोसावे, त्यात धीर आहे. शेजाऱ्याच्या भुकेला प्रारब्ध म्हणावे, त्यात नुसती आपली सोय आहे. दुसरा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. दान मनाने करावे. एकाकडून कर घेऊन दुसऱ्याला द्यायचे, त्या सक्तीत पुण्य कसले?

याचा विचार हवेत नको, आपल्याच मुलखातील एका कायद्यावरून करू. सांगली जिल्ह्यातील विसापूरचे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. (वि म्हणजे विठ्ठल, हे सांगायचा मोह आवरत नाही.) त्यांच्या कल्पनेवरून १९६५ साली तासगाव तालुक्यात एक प्रयोग झाला: जो काम मागेल त्याला काम द्यायचे. पुढे बहात्तरचा दुष्काळ आला. सुकडी आणि मिलो ज्यांनी खाल्ला त्यांना तो सांगायला नको. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. दुष्काळ सरला, पण हा विचार सरला नाही. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला ठरल्या मुदतीत काम, न दिले तर बेकारभत्ता, असा तो करार. केंद्राने असा कायदा केला तो पुढे २००५ साली.

पैसा कोठून आला? १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातला कारकून, मास्तर, दुकानदार यांनी दरमहा थोडे द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची. आता सक्तीचा प्रश्न घ्या. कर देणाऱ्याला पुण्य मिळत नाही, हे आम्हांस कबूल आहे. पण ज्याला पुण्य मिळत नाही त्याला मिरवताही येत नाही! वारीच्या वाटेवर अन्नदान घेताना कोणाची मान खाली जात नाही, कारण देणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. दुष्काळात मात्र सावकाराच्या ओट्यासमोर जी बाई पदर पसरून उभी राहते, तिच्या पाया कोण पडतो? तीच बाई खडी फोडून हजेरीपटावर अंगठा उठवते आणि मजुरी मोजून घेते, तेव्हा ती कोणाची मिंधी नसते. पुरुषाला जो दर तोच तिला, हेही या कामावर ठरलेले होते. आणि लोक आळशी होतील म्हणणाऱ्यांनी वैशाखात एक दिवस खडी फोडून पाहावी. घरी भाकरी असलेला माणूस त्या कामावर फिरकत नाही; गरीब कोण हे शोधायला तपासनीस लागत नाही.

पण सगळे गोमटे झाले असे आम्ही म्हणणार नाही. मजुरी उशिरा मिळणे, हजेरीपटावर खोटी नावे चढणे, हे गावोगाव लोकांनी पाहिले आहे. १९८८ साली मजुरीचा दर किमान वेतनाला जोडला गेला, तो जवळजवळ दुप्पट झाला. त्यानंतर कामे उघडण्यातच हात आखडला. शब्द कायद्यात राहिला, पण काम मागणारा हेलपाटे घालू लागला. आणखी एक गंमत पाहा. १९८८ पासून राज्यघटनेतच मर्यादा आहे की व्यवसाय कर वर्षाला अडीच हजारांपुढे नेता येत नाही. म्हणजे त्या मर्यादेला पोचल्यावर साधा मास्तर आणि कोट्यधीश कारखानदार दोघांचा वाटा सारखाच! याला समता म्हणायचे काय?

सर्वांत अवघड गोष्ट तर आपल्याच शिवारातली आहे. हमीच्या मजुरांनी पाझर तलाव खोदले, नाले बांधले. तलावाचे पाणी मुरले आणि खालच्या विहिरींना फुटले. विहिरी कोणाच्या? ज्यांना जमीन आहे त्यांच्या. डोक्यावर माती वाहिली भूमिहीनाने, त्याला त्या दिवसाची मजुरी मिळाली आणि हिशेब मिटला. बागायत मात्र पिढ्यानपिढ्या दुसऱ्याची झाली. हे वाचणाऱ्यांत अशा विहिरींचे मालक असतील. त्यांनी चोरी केली असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण दामाजींच्या कोठाराला जो प्रश्न विचारला, तोच या पाण्याला विचारावा लागतो.

हे होणे नाही, असे कोणी म्हणेल. पुरंदर तालुक्यातील नायगावी बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नाही, घरातील माणसांच्या डोक्यांवर ठरला. ज्याला गुंठाभर रान नाही त्यालाही पाण्यात हक्क मिळाला, आणि फार पाणी पिणारा ऊस लावायचा नाही असे ठरले. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्काम करते, त्याच तालुक्यातले हे गाव.