आवडती कादंबरी दुसऱ्याच्या हाती देताना

आपण एकमेकांना ज्या वस्तू देतो, त्यांत कादंबरीचे स्थान काहीसे वेगळे आहे. फळ दिले तर ते खाऊन संपते, वस्त्र दिले तर ते अंगावर राहते. कादंबरी मात्र घेणाऱ्याच्या मनात शिरते आणि तेथे ती काय करील याचा अंदाज देणाऱ्यालाही नसतो. ‘अवश्य वाच, मला फार आवडली’ असे आपण सहज म्हणून जातो. या साध्या वाक्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. मी दिलेल्या पुस्तकामुळे दुसऱ्याच्या अंतःकरणात जे घडेल, त्याला मी किती उत्तरदायी आहे?

धर्मगुरूला हा प्रश्न वारंवार भेटतो. कोणी आई विचारते, “फादर, मुलगी ही कादंबरी मागते आहे, देऊ का?” कोणी तरुण विचारतो, “सुट्टीत काय वाचू?” प्रवचनातील शब्द हजारो वर्षांच्या परंपरेच्या आधाराने बोलता येतो. येथे मात्र आपली स्वतःची आवड दुसऱ्याच्या पदरात घालायची असते, आणि तिच्यामागे कोणतीही परंपरा उभी नसते.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले उत्तर निर्बंधाचे. धोक्याचे पुस्तक देऊच नये, आणि शक्य झाल्यास कोणालाही मिळू देऊ नये. ख्रिस्तसभेने चार शतके हे उत्तर अनुसरले. पोप चौथे पॉल यांच्या काळात, 1559 साली, निषिद्ध ग्रंथांची पहिली रोमन सूची प्रसिद्ध झाली. तिची शेवटची आवृत्ती 1948 साली निघाली आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1966 साली, तिचे कायदेशीर बंधन संपले. या सूचीमागील हेतू केवळ दडपशाहीचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. लहानांना अडखळविणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडविणे बरे, असे सांगणाऱ्या प्रभूचे शब्द त्या अधिकाऱ्यांच्या कानांत होते. तरीही या उपायाची मर्यादा लवकरच दिसून आली. 1862 साली प्रसिद्ध झालेली व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ ही कादंबरी दोनच वर्षांत त्या सूचीत गेली. या कादंबरीतील बिशप मिरियेल यांनी चांदीची भांडी चोरणाऱ्या ज्याँ व्हाल्ज्याँला पोलिसांच्या हातून सोडविले आणि वर चांदीचे दोन दीपदानही त्याच्या हाती दिले. क्षमा म्हणजे काय हे जगाला सांगणारा कादंबरीतील हा थोर बिशप बिशपांच्याच प्रजेला भेटण्यास बंदी झाली!

दुसरे उत्तर आजच्या काळाचे आहे. आवड ज्याची त्याची. मी सुचविले, वाचायचे की नाही हे त्याने ठरवावे, पुढचे तो पाहील. हे उत्तर उदार वाटते. परंतु त्यात प्रेम नाही. ज्याची मला काळजी आहे, त्याच्या हाती मी जे ठेवतो त्याबद्दल मी उदासीन कसा राहू शकेन? निर्बंधाच्या उत्तरात वाचकावर विश्वास नाही, आणि उदासीनतेच्या उत्तरात वाचकाशी नाते नाही.

या दोन टोकांमधील वाट शोधण्यासाठी एका प्रत्यक्ष घडलेल्या प्रकरणाकडे वळू या. ग्रॅहॅम ग्रीन या कॅथलिक लेखकाची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ ही कादंबरी 1940 साली प्रसिद्ध झाली. तिचा काळ मेक्सिकोतील 1930च्या दशकातील धर्मछळाचा. एका प्रांतात धर्मगुरू असणे हाच गुन्हा ठरला आहे, आणि तेथे एकच धर्मगुरू पोलिसांपासून लपत हिंडतो आहे. हा धर्मगुरू संत नाही. तो दारूच्या आहारी गेला आहे, त्याला एक मुलगी आहे, आणि आपण पतित आहोत हे तो पुरेपूर जाणतो. तरीही सुरक्षित प्रदेशात पोहोचल्यावर, एका मरणोन्मुख गुन्हेगाराचा पापनिवेदन संस्कार करण्यासाठी, सापळा आहे हे ओळखूनही, तो मागे फिरतो आणि गोळ्यांना बळी पडतो.

अशा धर्मगुरूची कथा श्रद्धावंतांच्या हाती द्यावी काय? 1953 साली रोममधील धर्मसिद्धांत-रक्षक कार्यालयाने या कादंबरीविषयी प्रतिकूल मत दिले, आणि पुढील वर्षी वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल ग्रिफिन यांनी ते लेखकाला कळविले. परंतु त्याच 1953 साली व्हॅटिकनच्या राज्य-सचिवालयातील एका अधिकाऱ्याने या निर्णयाविषयी हळुवार शंका उपस्थित केली होती. ग्रंथाचे वाङ्मयीन मोल मोठे आहे, तेव्हा साहित्य जाणणाऱ्या आणखी एका धर्मगुरूला तो वाचावयास द्यावा, असे त्यांनी सुचविले. त्या अधिकाऱ्याचे नाव जोव्हान्नी बात्तिस्ता मोंतिनी. पुढे तेच पोप सहावे पॉल झाले. 1965 साली ग्रीन त्यांना भेटले, तेव्हा आपण ही कादंबरी वाचल्याचे पोपमहोदयांनी सांगितले आणि काही श्रद्धावंत नाराज होतील याची फार चिंता करू नये असा दिलासाही दिला. ही कादंबरी निषिद्ध सूचीत कधीच गेली नाही.

मोंतिनी यांच्या त्या सूचनेकडे मला लक्ष वेधावेसे वाटते. एका वाचकाला पुस्तक धोक्याचे वाटले, तेव्हा त्यांनी दुसरा वाचक मागितला. पुस्तकाबद्दलची शंका कुलूप लावून मिटत नाही. ती दुसऱ्या वाचकाशी बोलून उलगडते. पुस्तक एकट्याच्या हातात असते, पण त्याचा न्याय एकट्याने करू नये, हा त्यातील मर्मार्थ आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात अडखळणीविषयी जे विवेचन केले आहे, ते येथे फार उपयोगी पडते. मूर्तींना वाहिलेल्या मांसामुळे आपला बंधू अडखळत असेल तर ते मांस आपण कधीही खाणार नाही, ही संत पौलाची भूमिका त्यांच्यासमोर आहे. थॉमस दोन प्रकारचे अडखळणारे वेगळे करतात. काही जण दुर्बलतेमुळे किंवा अज्ञानामुळे अडखळतात. काही जण परुश्यांप्रमाणे अडखळण्याचे निमित्तच शोधीत असतात. दुसऱ्या प्रकारच्या लोकांसाठी चांगली गोष्ट सोडण्याचे कारण नाही. पहिल्या प्रकारच्या माणसांसाठी मात्र थांबावे, परंतु कायमचे नव्हे. त्यांना समजावून सांगेपर्यंत थांबावे. नीट समजावल्यानंतर अडखळण दूर व्हावी, अशी त्यांची अपेक्षा आहे.

हा विचार पुस्तकांना लावला तर आपल्या प्रश्नाचे उत्तर हाती येते. देणाऱ्याचे उत्तरदायित्व पुस्तक निरुपद्रवी आहे याची हमी देण्याचे नव्हे. अशी हमी कोणत्याही थोर कादंबरीबद्दल देता येणार नाही. माणसाच्या पापाविषयी आणि दुःखाविषयी खरे बोलणारे पुस्तक कोणाला ना कोणाला टोचणारच. देणाऱ्याचे उत्तरदायित्व आहे ते सोबत थांबण्याचे. दुसऱ्याच्या हाती कादंबरी देणाऱ्याने, ती वाचून झाल्यावर त्याचे ऐकून घेण्यासाठी आपले दार उघडे ठेवले पाहिजे. ज्याला हे करण्यास वेळ नाही, त्याने अवघड पुस्तक देऊ नये.

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील फिलिपचा प्रसंग या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचीत चालला आहे. फिलिप धावत रथाजवळ जातो आणि प्रथम प्रश्न विचारतो: तुम्ही जे वाचता ते तुम्हांला समजते का? त्याने उपदेशाने सुरुवात केली नाही. खजिनदाराने विनंती केल्यावर तो रथावर चढून त्याच्या शेजारी बसला, आणि जो उतारा खजिनदार वाचीत होता तेथूनच पुढे बोलू लागला. ज्याच्या हाती पुस्तक आहे त्याच्या शेजारी बसणे हेच पुस्तक वाटून घेणे होय. विषय पवित्र शास्त्राचा असो वा कादंबरीचा, शेजारी बसण्याची रीत तीच.

येथे कोणी आक्षेप घेईल की, कल्पित कथांवर एवढा विचार कशाला? संतांची चरित्रे द्यावीत म्हणजे झाले. त्यासाठी संत इग्नेशियस लोयोला यांचे उदाहरणही पुढे केले जाते. 1521 साली पांपलोनाच्या लढाईत पाय जायबंदी होऊन ते घरी पडून होते. त्यांनी शूर सरदारांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या, म्हणून त्यांना ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे देण्यात आली. परंतु या घटनेतील खरा धडा पुस्तकांच्या यादीत नाही. इग्नेशियस यांनी आपल्या मनाचे निरीक्षण केले. सरदारी पराक्रमाची स्वप्ने पाहताना आनंद होई, पण नंतर मन कोरडे आणि असमाधानी राही. संतांच्या मार्गाचा विचार केल्यावर आनंद होई आणि तो मागेही टिकून राही. वाचून झाल्यानंतर मनात काय उरते याकडे लक्ष देण्यातून त्यांची आत्मपारखीची शिकवण अंकुरली. ही कसोटी कादंबरीलाही लावता येते. ‘पुस्तक आवडले का?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘पुस्तक मिटल्यावर काय उरले?’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर फक्त वाचणाराच देऊ शकतो, आणि म्हणूनच त्याला विचारावे लागते.

संत आगस्तीन यांनीही आपल्या आत्मनिवेदनात कबुली दिली आहे की, शाळकरी वयात डायडोच्या कल्पित मृत्यूसाठी आपण रडलो, पण देवापासून दुरावलेल्या स्वतःसाठी रडलो नाही. काही जण याचा अर्थ कथेविरुद्ध लावतात. मला वाटते, परक्याच्या दुःखाने ओले होणारे मन स्वतःच्या दुःखापर्यंत पोहोचू शकते, मात्र ती वाट कोणीतरी दाखवावी लागते. आपल्याच भाषेत याचा पुरावा आहे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’, 1857 साली एका ख्रिस्ती लेखकाने लिहिली, ती हिंदू विधवांच्या दुःखाविषयी. मराठी कादंबरीच्या आरंभीच परक्याच्या दुःखाला आपल्या मनात जागा देण्याचा प्रयत्न आहे, हे आपण विसरू नये.

आतापर्यंत देणाऱ्याविषयी बोललो. परंतु या व्यवहाराचा दुसरा अर्धा भाग अधिक कठीण आहे, आणि तो म्हणजे दुसऱ्याची आवडती कादंबरी स्वीकारणे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै 2024 मध्ये साहित्याच्या महत्त्वाविषयी एक पत्र लिहिले. आरंभी ते धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी योजिले होते; मग त्यांनी ते सर्व ख्रिस्ती जनांसाठी खुले केले. त्यात त्यांनी आपल्या तरुणपणाची आठवण सांगितली आहे. 1964-65 साली ते आर्जेन्टिनातील सांता फे येथील येशूसंघीय शाळेत साहित्य शिकवीत. अभ्यासक्रमात स्पॅनिश महाकाव्य ‘एल सिद’ होते, विद्यार्थ्यांना हवा होता गार्सिया लोर्का. तेव्हा त्यांनी ‘एल सिद’ घरी वाचावयास सांगितले आणि वर्गात विद्यार्थ्यांच्या आवडत्या लेखकांवर चर्चा सुरू केली. शिक्षकाने आधी विद्यार्थ्यांच्या आवडीच्या घरात पाहुणा म्हणून प्रवेश केला.

आपल्या घरांतही हेच चित्र दिसते. साने गुरुजींची 1935 सालची ‘श्यामची आई’ वाचून डोळे पुसणारे वडील असतात, आणि भालचंद्र नेमाड्यांच्या 1963 सालच्या ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकरात स्वतःला पाहणारा मुलगा असतो. वडील श्याम पुढे करतात, मुलगा तो वाचीत नाही. वडिलांना वाईट वाटते. परंतु वडिलांनी ‘कोसला’ उघडून पाहिली आहे काय? मुलाला त्या तुटलेपणात काय सापडले, हे त्यांनी विचारले आहे काय? जो दुसऱ्याचे पुस्तक कधीच घेत नाही, त्याच्या देण्यात दान कमी आणि सत्ता अधिक असते. आपली आवड ही दुसऱ्याची परीक्षा होऊ देऊ नये. दिलेले पुस्तक त्याला न आवडण्याचे स्वातंत्र्यही त्या पुस्तकासोबतच द्यावे.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. प्रत्येक पुस्तक प्रत्येकाला, प्रत्येक वेळी देता येत नाही. नुकताच शोकात बुडालेला माणूस, वयात येऊ लागलेले मूल, श्रद्धेच्या काळोखातून चाललेला तरुण यांना काय द्यावे हे पारखावे लागते. ही पारख यादीतून येत नाही. ती त्या माणसाला ओळखण्यातून येते. ज्याला आपण ओळखत नाही, त्याला पुस्तक सुचविण्यापूर्वी थोडे त्याचे ऐकावे.

आज पुस्तके पूर्वीपेक्षा सहज मिळतात; कमी पडतो तो शेजारी बसणारा माणूस. आपल्या धर्मग्रामातील ग्रंथालयाच्या कपाटांवर धूळ बसते, ती पुस्तके वाईट म्हणून नव्हे, तर त्यांच्याविषयी बोलायला कोणी नाही म्हणून. मिस्सानंतर चर्चच्या अंगणात आपण पावसापाण्याविषयी, लग्नकार्यांविषयी बोलतो. तेथेच एखाद्याला विचारावे, ‘सध्या काय वाचता?’ उत्तर मिळाले तर ते पुस्तक मागून घ्यावे, वाचावे आणि परत करताना दोन शब्द बोलावे. मग आपले आवडते पुस्तक त्याच्या हाती देण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होईल, आणि तो पुस्तक उघडील तेव्हा एकटा असणार नाही.