परतीचा दोर

डोंगरात वळायची जागा आणि वळायची इच्छा क्वचितच एकत्र भेटतात. इच्छा होते तेव्हा एका बाजूला कडा असतो, दुसऱ्या बाजूला दरी आणि मध्ये गाडीपुरती वाट. वळण्याजोगा सपाट तुकडा केव्हाच मागे पडलेला असतो. तो आला तेव्हा वळायचं काही कारण नव्हतं. त्यामुळे परतीचा विचार सगळं सुरळीत चाललेलं असतानाच करून ठेवावा लागतो. गाडी फिरवता येईल अशी प्रत्येक जागा मनात टिपत जावं. रस्ता बिघडला की किती मागे जायचंय ते निदान माहीत असतं.

2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून रोहतांग न चढता लाहौलात उतरता येऊ लागलं. नऊ किलोमीटर गुळगुळीत. मग ग्रांफूला स्पितीचा फाटा लागतो आणि दगडगोटे सुरू होतात. सुरुवात सोपी झाली की माणसाला पुढचंही सोपं वाटतं. बोगद्याला पुढच्या ओढ्यांचा जामीन राहता येत नाही.

या ओढ्यांना खोलीपेक्षा वेळ विचारावी. रात्री वरचं बर्फ गोठतं, दिवसा वितळतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारनंतर मांडीला लागू शकतं. सकाळी ओलांडून आलेला समोरचा ड्रायव्हर सांगतो, ‘काही नाही हो, आरामात निघते गाडी.’ तो खोटं बोलत नसतो, सकाळचं पाणी सांगत असतो. लाहौलात ‘पागल नाला’ हे नाव पर्यटकांनी गमतीने ठेवलेलं नाही.

वाहतं पाणी एक फूट असलं तरी छोटी गाडी ढकलून नेऊ शकतं. दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. फोर बाय फोरही त्या ‘बहुतेक’मध्येच येते. इंजिनाची गोष्ट वेगळी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हवेच्या नळीतून ते सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गाडी ओढ्याच्या मधोमध बंद पडते. ज्या पाण्यात पायी उतरायला आपण तयार नाही, त्यात गाडी कशाच्या भरवशावर घालायची? गाडीच्या काचेला पाण्याचा जोर कळत नाही, पोटरीला कळतो.

ऑफ-रोडवाल्यांमध्ये एक जुना विनोद आहे : फोर बाय फोर घेतली की माणूस अडकायचा थांबत नाही, फक्त जास्त आत जाऊन अडकतो. विनोदाची पुढची ओळ कुणी म्हणत नाही. आपल्याला ओढून काढणाऱ्यालाही तितकंच आत यावं लागतं.

मागे फिरणं म्हणजे हातपाय गाळणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा चढावर बंद पडलेली गाडी खाली आणून दाखवावी. घसाऱ्याचा उभा चढ, चाकं जागच्या जागी फिरतायत, इंजिन गचके देऊन थांबलं. पहिला मोह होतो स्टीअरिंग फिरवून गाडी आडवी घ्यायचा. गाड्या उलटतात त्या इथेच. करायचं असं : ब्रेक दाबून धरायचा, हँडब्रेक ओढायचा, लो रेंजमध्ये रिव्हर्स टाकायचा आणि आलो त्याच रेषेत, स्टीअरिंग सरळ ठेवून, इंजिनाच्या जोरावर गाडी उतरू द्यायची. क्लच दाबून ठेवला की इंजिनाची पकड सुटते, गाडी मोकाट होते. ब्रेक जोरात मारला तर वजन उतरलेली पुढची चाकं अडकून घसरतात आणि नाक भलतीकडे जातं. डोळे मागे, पाय हलका, घाई अजिबात नाही. चढायला जोर पुरतो. असं उतरायला हात तयार लागतो, आणि तो तयार करायला मैदानावरचा छोटा चढही चालतो.

स्पितीच्या वाटेवरची कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहून कमी. इंजिनाला हवा कमी पडते ते पिकअपवरून कळतं. डोक्याला कमी पडते ते डोक्याला कळत नाही. म्हणून परतायची वेळ खाली, पोटभर हवेत ठरवून ठेवायची आणि वर गेल्यावर तिच्याशी वाद घालायचा नाही. गिर्यारोहक हेच करतात.

सुट्टी मंजूर करून घेतलेली असते, स्पितीत काझाला खोली बुक असते, पुण्याहून इतक्या लांब डिझेल जाळत आलेलो असतो. ओढ्याला यातलं काहीही माहीत नसतं. सोबत दोन-तीन गाड्या असल्या तर गोष्ट आणखी अवघड होते : प्रत्येकाला परतायचं असतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याने म्हणायची वाट बघत असतो. अशा ताफ्यात एकाचा नकार सर्वांवर बंधनकारक असावा, मग तो मागच्या सीटवरच्या पोराचा का असेना.

आपल्या मनात मात्र सूर्याजी बसलेला आहे. तानाजी पडला, मावळे मागे सरले, तेव्हा त्याने परतीचे दोर कापले, ही कथा आपण दुधाबरोबर प्यालेलो आहोत. ती 1670 ची, कोंढाण्यावरची. पण कोंढाणा मोगलांकडे गेला होता तो 1665 मध्ये, पुरंदरच्या तहात. महाराजांनी देऊन टाकलेल्या 23 किल्ल्यांपैकी तो एक. तह करून सैन्य आणि उरलेले 12 किल्ले राखले, म्हणून पाच वर्षांनी दोर लावायला माणसं होती. शाळेत आपण दोर कापण्याचा प्रसंग रंगवून सांगतो, तहाचं कलम पाठ करून विसरतो. गाडी चालवताना तेच आडवं येतं.

उन्हाळ्यात स्पितीला निघणार असाल तर ग्रांफूचा फाटा सकाळी लवकर गाठा. उशीर झाला तर वाटेतल्या छत्रूला थांबा. तंबू मिळतो, गरम राजमा-चावल मिळतो आणि पुढचे ओढे दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलेले असतात. पाऊस असेल तर तेही धरून चालू नका. आणि घाटात समोरून चढणारी गाडी आली की उतरणाऱ्याने थांबून तिला वाट द्यायची असते, नियमच तसा आहे. त्यासाठी मागे जावं लागलं आणि शंभर मीटर सरळ रिव्हर्स घेता येत नसेल, तर आधी ते शिका, मग सुट्टीचा अर्ज टाका.