मारलं खरं, पण किती?

वांद्र्यातल्या एका इमारतीत १९६०च्या दशकात दोन कुटुंबांत भांडण झालं. एका घरच्या पुरुषाने दुसऱ्या घरच्या नोकराला चोर आणि हलकट म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यावरून शिवीगाळ झाली आणि रागाच्या भरात एकाने कागदांची फाईल भिरकावली. ज्याच्यावर नेम होता त्याला ती लागलीच नाही. त्याच्या बायकोच्या कोपराला लागली आणि ओरखडा उठला. तक्रार मात्र याहून कितीतरी मोठ्या हल्ल्याची झाली. प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे गेलं. साधी दुखापत केल्याबद्दल आरोपीला दहा रुपये दंड झाला. उच्च न्यायालयाने तोही रद्द केला आणि १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. शहाणासुरता माणूस जिची तक्रार करणार नाही, अशी क्षुल्लक इजा हा गुन्हा नव्हे, या तरतुदीचा आधार तिथे मिळाला. दंड संहितेत ती कलम ९५ होती. आता भारतीय न्याय संहितेत कलम ३३ आहे.

एका ओरखड्यासाठी देशातल्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जाणं हास्यास्पद वाटेल. पण किरकोळ मारहाणीच्या बहुतेक खटल्यांचा गाभा या प्रकरणात दिसतो. मारलं की नाही, यावर दोन्ही बाजू तावातावाने बोलतात. निकाल पुष्कळदा फिरतो तो किती मारलं, यावर.

कायद्याने या ‘किती’च्या पायऱ्या बारकाईने बांधल्या आहेत. हात उगारला, समोरच्याला आता मार बसणार असं वाटलं, तरी तो हल्ला ठरतो. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे, पण काठी उचलून ‘थांब, बडवतोच तुला’ म्हटलं की शब्द त्या हालचालीला अर्थ देतात. प्रत्यक्ष वेदना झाली तर कलम ११५(२), म्हणजे वकिलांच्या तोंडात अजून बसलेलं जुनं ‘तीनशे तेवीस’. इथे कैद एक वर्षापर्यंत. दंडाची मर्यादा १ जुलै २०२४ पासून एक हजारावरून दहा हजारांवर गेली. अचानक आणि गंभीर चिथावणीमुळे हात उठला असेल, तर कैदेची मर्यादा एका महिन्यावर येते. उलट भोसकण्याच्या किंवा कापण्याच्या हत्याराने इजा केली की तीन वर्षांपर्यंत कैद आणि गुन्हा अजामीनपात्र. हाड मोडलं किंवा दात निखळला, तर दुखापत ‘गंभीर’ होते आणि मर्यादा सात वर्षांवर जाते.

एका ठोशाने ओठ फुटला तर एक कलम, दात निखळला तर दुसरं.

साधी दुखापत अदखलपात्र असते. ठाणे अंमलदार तक्रारीचा गोषवारा नोंदवतो आणि तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगतो. यालाच लोक ‘एन.सी. घेतली’ म्हणतात. एन.सी. झाली म्हणजे केस उभी राहिली, असा तक्रारदाराचा समज असतो. आता अटक होणार, अशी आरोपीला धास्ती. दोन्ही समज चुकीचे आहेत. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटाशिवाय अटकही करता येत नाही. तक्रारदार स्वतः कोर्टात गेला, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार आरोपीचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय मॅजिस्ट्रेटला दखल घेता येत नाही. ही दखल घेण्याची मुदतही, काही अपवाद सोडले तर, एका वर्षाची आहे.

मात्र पोलिसांच्या हाती दुसरा मार्ग असतो: ‘चॅप्टर केस’. शांतता भंगेल अशी शक्यता दाखवून कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं आणि शांतता राखण्याचं बंधपत्र मागायचं. ग्रामीण भागात हे काम बहुधा तहसीलदाराकडे असतं. ही शिक्षा नव्हे, पण तारखांच्या चकरा चुकत नाहीत.

बांधाच्या किंवा पार्किंगच्या भांडणातली फिर्याद महाराष्ट्रभर जवळपास एकाच साच्यातली असते: शिवीगाळ केली, दमदाटी केली, लाथाबुक्क्यांनी मारहाण केली, जिवे मारण्याची धमकी दिली. त्याच संध्याकाळी समोरचाही येऊन तीच वाक्यं, नावं उलटी करून, लिहून देतो. प्रकरण अदखलपात्र राहू नये म्हणून थापडेचा रॉड होतो, एका माणसाचे पाच होतात आणि घरी असलेला भाऊही आरोपींच्या यादीत येतो. बचावाचा वकील नेमका इथेच थांबून वाचतो. फिर्यादीत रॉडचे दहा फटके आणि सरकारी दवाखान्याच्या जखमेच्या दाखल्यात एक खरचटा, एवढी तफावत उलटतपासणीला पुरते.

म्हणून आरोपीसाठीही पहिले काही तास मोलाचे असतात. त्याला लागलं असेल, तर त्यानेही लगेच तपासणी करून घ्यायला हवी. आरोपीच्या जखमांचा खुलासा फिर्यादी पक्षाने केला नाही, तर त्याच्या कथनावर संशय घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये लक्ष्मी सिंह विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात स्पष्ट केलं. पण जखम किरकोळ असेल, तर तिथेही या युक्तिवादाला फारसं वजन मिळत नाही. सोसायटीच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ते जपण्याची लेखी मागणी वेळीच केली नाही, तर पुढे कोर्टात त्याचा नुसता उल्लेख उरतो.

स्वसंरक्षणाच्या हक्कालाही मोजमाप आहे. पहिला फटका अंगावर बसेपर्यंत थांबावं, असं कायदा म्हणत नाही. त्या धांदलीत माणसाने प्रत्येक फटका तोलून मारावा, अशीही कोर्टाची अपेक्षा नसते. पण हल्लेखोर पळत सुटल्यावर त्याला गाठून मारलं, तर तो बचाव उरत नाही. स्वसंरक्षण निःसंशय सिद्ध करण्याचा भार आरोपीवर नसतो; त्याची बाजू अधिक संभाव्य वाटली तरी पुरते. ‘मी तिथे नव्हतोच’ आणि ‘आधी त्याने मारलं’ ही दोन विधानं मात्र एकत्र चालत नाहीत. सगळंच नाकारण्याच्या नादात कित्येक आरोपी हा बचाव स्वतःच पातळ करतात.

साध्या दुखापतीचा खटला, ज्याला मार बसला त्याच्या संमतीने, न्यायालयाच्या परवानगीविना मिटवता येतो आणि त्या तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा असतो. तरीही तारखांना कंटाळलेला आरोपी अनेकदा ‘कबूल करतो, दंड भरतो’ म्हणून मोकळा होतो. रक्कम किरकोळ असते, पण नोंद दोषसिद्धीची राहते. पहिलाच गुन्हा असेल, तर १९५८च्या परिवीक्षा कायद्याखाली ताकीद देऊन सोडण्याची विनंती करता येते, हे पुष्कळांना कोणी सांगतही नाही. सरकारी नोकरीच्या पडताळणीत खटल्याची माहिती खरी द्यावी लागते. क्षुल्लक प्रकरणाकडे नियोक्ता काणाडोळा करू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंह प्रकरणात म्हटलं आहे. पडताळणी अर्जाच्या रकान्यात तडजोड केलेल्यालाही खटल्याचा उल्लेख करावा लागतो, पण पुढे ‘निर्दोष’ लिहिता येतं. दंड भरून घरी गेलेल्याला ‘दोषी’ असंच लिहावं लागतं.