समुद्रातला उमेदवार

१९९० मध्ये सार्गासो समुद्राच्या पाण्यात एका अनोळखी जिवाणूचं जनुक सापडलं. जिवाणू मात्र हाती लागेना. स्टीफन जिओव्हानोनींच्या गटाला तो प्रयोगशाळेत वाढवायला २००२ उजाडलं. तेही निर्जंतुक केलेल्या समुद्राच्याच पाण्यात. समुद्राच्या वरच्या थरात दर तीन-चार सूक्ष्म पेशींमागे एक याच कुळातली. तरी नाव मिळालं ते ‘कँडिडेटस पेलॅजिबॅक्टर युबिक’. कँडिडेटस, म्हणजे उमेदवार. कारण नियम असा, की नवी प्रजाती पक्की व्हायला तिची जिवंत कल्चर्स किमान दोन देशांतल्या संग्रहांत जमा हवीत.

मी दिवसभर डेटाबेस सांभाळतो. नोंद नाही म्हणजे युजर नाही, हे माझ्या अंगवळणी पडलंय. आणि नियम मूर्खपणाचा नाही. उद्या कुणाला दावा तपासायचा तर नमुना लागणारच. पण मग आपण तपासतो काय? त्याचं वेगळेपण, की आपल्या बाटलीत जगायची त्याची तयारी?

२०२२ मध्ये ‘सीक्कोड’ आला. त्यात जीनोमचा चांगला क्रम पुरावा म्हणून चालतो. मला हे जास्त न्याय्य वाटतं. धाकधूक एवढीच, की क्रम म्हणजे शेवटी एक फाइल. तुकडे चुकीचे जुळले, तर कधी नव्हताच अशा जिवाचंही आपण बारसं करून बसू.