न आलेले बोलावणे

काही वर्षांपूर्वी नांदेडला एका जुन्या फुटबॉलपटूचा लहानसा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि वीस-पंचवीस खुर्च्या. भाषणासाठी मला बोलावले होते. मास्तर माणूस फुकट बोलतो आणि वेळेवर येतो. हा गृहस्थ वीस वर्षे एकाच संघातून फुलबॅक म्हणून खेळला. लातूरला सामना असला की एस.टी.चे तिकीट त्याचे, बूट त्याचे, आणि गुडघा दुखावला तर तोही त्याचाच. मी त्याच्या निष्ठेवर यथेच्छ बोललो. 'याने कधी दुसऱ्या संघाचा सदरा अंगात घातला नाही,' या वाक्याला टाळ्या पडल्या.

सभा आटोपल्यावर तो हळूच म्हणाला, "गुरुजी, खरं सांगू का? मला दुसऱ्या कुणी बोलावलंच नाही. बोलावलं असतं तर गेलो असतो. घरात खाणारी पाच तोंडं होती."

ते बोलणे मनात सलत राहिले. जी कधी कसोटीला लागली नाही, ती निष्ठा म्हणावी काय? की ती नुसती अडचण, जिला आम्ही शाल पांघरली?

1956 पर्यंत आमचा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. म्हणून फुटबॉल म्हटले की माझे मन हैदराबादकडे वळते. सय्यद अब्दुल रहीम तिथले. पेशाने शिक्षक. त्यांच्या तालमीतल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. 1962 साली जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळविणारा भारतीय संघही त्यांनीच घडविला. त्या संघातले तीन आघाडीचे खेळाडू पाहा. चुनी गोस्वामी अखेरपर्यंत मोहन बागानचे राहिले. प्रदीपकुमार बॅनर्जी कलकत्त्याच्या बड्या क्लबांपासून दूर राहून ईस्टर्न रेल्वेकडून खेळले. तुलसीदास बलराम सिकंदराबादजवळच्या गरीब घरातले. ते 1957 साली आपला मुलूख सोडून ईस्ट बेंगॉलकडे गेले. पहिले दोघे निष्ठावंत ठरले, तर तिसऱ्याला काय म्हणायचे?

बॅनर्जींना रेल्वेत नोकरी होती. त्यांच्या निष्ठेखाली भाकरीचा आधार होता. याने त्यांचा मोठेपणा उणावत नाही. निष्ठा दोन्ही बाजूंनी पाळली गेली, इतकेच. पोटासाठी परमुलखात गेलेल्या बलरामांना दोष द्यायचा, तर त्यांना इथे थांबवण्यासाठी आपण काय दिले, हे आधी सांगावे लागेल. जिथे एका बाजूने काहीच द्यायचे नसते, तिथे दुसऱ्या बाजूची निष्ठा मोठ्या आवाजात गायिली जाते. माझे भाषण त्याच जातीचे होते.

मग तो फुलबॅक निष्ठावंत नव्हता काय? होता, पण मी ज्यासाठी त्याला गौरवले त्यासाठी नव्हे. त्याला संघ सोडून जाण्याचे बोलावणे आले नाही हे खरे. मैदानावर न येण्याची बोलावणी मात्र त्याला रोज येत होती. पाऊस होता, अंगात कणकण होती, कामावरची जादा पाळी होती, घरी 'या वयात हे काय?' असा प्रश्न होता. तरीही संध्याकाळी तो मैदानावर हजर असे, कारण अकरावा माणूस नसला तर दहा जणांचा खेळ मोडतो. ही कसोटी जकार्त्याच्या अंतिम सामन्याइतकी झगझगीत नाही, आणि तिला प्रेक्षकही नसतात. वीस वर्षे ती त्याने दिली आणि तिचा त्याला पत्ताही नव्हता. म्हणूनच तो मला इतक्या सरळपणे खरे सांगू शकला.

त्या दिवशी मी शाल त्याच्या खांद्यावर घातली. तो व्यासपीठाच्या तीन पायऱ्या कठडा धरून उतरला, हे मी पाहिले होते. त्या गुडघ्याच्या औषधाला पैसे कोणी दिले, हे विचारायचे मात्र मला सुचले नाही. पुन्हा कुणी निष्ठेवर बोलायला बोलावले, तर आधी तेवढे विचारून घेईन.