टी पेशी मोजायच्या, पण कुणाच्या?

लसीचा परिणाम सांगताना अँटिबॉडीचा आकडा पुढे केला जातो, कारण तो हाती लागणे सोपे असते. रक्तातला द्रव गोठवून कुठेही पाठवता येतो. टी पेशींची तपासणी मात्र त्या जिवंत असतानाच करावी लागते. कोव्हॅक्सिन या कोविड लसीच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात नागपूरसह 11 रुग्णालयांत 375 जण होते; टी पेशींच्या प्रतिसादाची नोंद आहे ती त्यांतल्या 16 जणांच्या उपगटाची. हा कुणाचा निष्काळजीपणा नव्हे, तपासणीच तशी अवघड आहे. एलिस्पॉट या पद्धतीत इंटरफेरॉन-गॅमा हा संदेश-रेणू सोडणारी प्रत्येक पेशी आपला एक ठिपका उमटवते. लाखभर पेशींतल्या मोजक्या जागृत पेशीही त्यात सापडतात, पण त्या सीडी4 प्रकारच्या टी पेशी की सीडी8, हे ठिपका सांगत नाही. फ्लो सायटोमेट्री ही दुसरी पद्धत ते सांगते, शिवाय एकच पेशी किती प्रकारचे संदेश तयार करते तेही दाखवते. तिला रक्त जास्त लागते आणि निकाल तंत्रज्ञाच्या नजरेवरही अवलंबून राहतो. दोन्हींसाठी लिम्फोसाइट, म्हणजे टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी, रक्तातून काही तासांत वेगळ्या करून घ्याव्या लागतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या अकोटहून रक्त अकोल्याला न्यायचे तर अंतर 45 किलोमीटरच्या आसपास. पण खरी अडचण अकोल्यापुढे, मोठ्या प्रयोगशाळांकडे जाणाऱ्या नागपूर-पुण्याच्या वाटेवर आहे.

म्हणून अकोटसारख्या ठिकाणी तिसरी, जरा गावठी वाटणारी पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. क्षयाच्या क्वांटिफेरॉन चाचणीत ताजे रक्त जसेच्या तसे प्रतिजनाच्या नळीत घालून रात्रभर 37 अंशांवर ठेवतात आणि द्रवातले इंटरफेरॉन मोजतात. कोविड लसीसाठीही हीच रीत वापरली गेली. इनक्युबेटर असला की गावातले काम भागते. पुढे द्रव थंड ठेवून पाठवता येतो. आक्षेप रास्त आहे: ज्याच्या रक्तात लिम्फोसाइटच कमी, त्याचा आकडाही कमी येणार. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे कुपोषण जुने आहे, तिथे हा दोष लहान नाही. मात्र सोबत साधी रक्तगणना केली तर तो बराचसा ओळखता येतो. दुसरा आक्षेप असा की, अनेकांच्या ढोबळ माहितीपेक्षा थोडक्यांची सखोल माहिती बरी. त्याला उत्तर एमव्हीए85ए या क्षयलसीने दिले आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे 2,800 बाळांवरच्या चाचणीचा निष्कर्ष 2013 मध्ये आला. टी पेशींनी प्रतिसाद दिला होता, तरी क्षयापासून म्हणावे असे संरक्षण मिळाले नाही. कोणता आकडा संरक्षणाचा, हे ठरलेले नसताना थोड्याच पेशींवर आणखी रंग चढवून ते उमगणार नाही. त्यासाठी पुष्कळ माणसे मोजून पुढे त्यांच्यातले कोण आजारी पडले ते पाहावे लागते. फ्लो सायटोमेट्री टाकून द्यावी असे नाही. सगळ्यांचे रक्त नळीत तपासावे आणि एका उपगटाच्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून मोठ्या प्रयोगशाळेत न्याव्यात. त्या उपगटात कोण, हे मात्र चिठ्ठ्या टाकून ठरावे, प्रयोगशाळेपासूनच्या अंतरावरून नव्हे.