टाकीचं सोवळं

आयोवात मक्याच्या शेतांमधल्या एका गवताळ धावपट्टीवर माझं 1946 सालचं पायपर कब विमान उभं असतं. दोन आसनं, कापडाचं अंग, 65 अश्वशक्तीचं इंजिन. पुढच्या आसनासमोरच 12 गॅलनची, म्हणजे साधारण 45 लिटरची पेट्रोलची टाकी. पेट्रोल किती उरलं ते सांगणारं यंत्र म्हणजे झाकणातून वर आलेली एक तार. तिच्या खालच्या टोकाला बुचाचा तरंगा असतो. तार खाली जाऊ लागली की उतरायला जागा शोधायची.

बुचात पेट्रोल मुरू नये म्हणून जुने कारागीर त्यावर लाखेसारखा लेप चढवत. टाकीचे जोड गळू लागले की आतून एक पातळ लेप फिरवून ते बुजवत. हे जुने लेप पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षं टिकतात, इथेनॉलपुढे मात्र त्यांचा भरवसा नाही. सुतार लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, ते स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉलच. आणि अमेरिकेतल्या पंपांवरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये ते 10 टक्क्यांपर्यंत असतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. ते पाणी वाढलं आणि वर थंडी लागली की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिन पितं ते तळातूनच. 1982 पासून इथे काही जुन्या विमानांना मोटारीचं पेट्रोल वापरायची रीतसर परवानगी मिळत गेली, पण त्यात इथेनॉल नसावं ही अट कडक आहे.

म्हणून माझ्या हँगरमध्ये काचेची एक मोजनळी असते. 10च्या रेघेपर्यंत पाणी, वर 100च्या रेघेपर्यंत पेट्रोल. तोंड बंद करून हलवायचं आणि थांबायचं. इथेनॉल नसेल तर पाणी पुन्हा 10वरच येऊन थांबतं. असेल तर ते पेट्रोलची संगत सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर 18-19पर्यंत चढतो.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी ही नळी हातात घेतलीच नाही. पंपावर ‘इथेनॉलविरहित’ अशी पाटी होती, तिच्यावर विसंबलो. काही आठवड्यांनी उड्डाणापूर्वी गाळणी उघडून पाहिली, तर जाळीवर टाकीतल्या लेपाचे पापुद्रे साचले होते. ते जमिनीवर दिसले. हवेत जाळी तुंबली असती तर इंजिन बंद पडलं असतं.

मिरजेला ताईला फोनवर हे सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “म्हणजे तुझी टाकी सोवळ्यातली. आपल्या आजीच्या हंड्यासारखी.”

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. आजी ओलेत्याने आडाचं पाणी काढून माजघरातला हंडा भरायची. शाळेतून आलेल्या आम्हा मुलांनाही त्याला शिवायची मुभा नव्हती. पण आम्ही निदान अंघोळ करून शुद्ध होऊ शकत होतो. गवताचे भारे घेऊन येणारी बाई परसदारीच थांबायची, आणि आजी तिच्या ओंजळीत वरून, हात लागणार नाही अशी धार धरायची. तिला शुद्ध करील अशी अंघोळच नव्हती. आजी मायाळू होती. त्या बाईला तिने कधी उपाशी परत पाठवलं नाही. म्हणूनच ही आठवण मला अधिक जड जाते.

मी टाकीपाशी करतो तेही दूर ठेवणंच, आणि आजी हंड्यापाशी करायची तेही. मग यातला धर्म कोणता आणि अधर्म कोणता?

विवेक या शब्दाचा मूळ अर्थच वेगळं करणं, निवडणं असा आहे. वेगळं करण्यातच पाप असतं तर विवेकही पाप ठरला असता. तेव्हा पाहायचं ते हे, की नकार कशावर उभा आहे. माझा नकार नळीवर उभा आहे. प्रत्येक डब्याची परीक्षा नव्याने होते आणि कुठल्या पंपावरून आला म्हणून डबा नापास होत नाही. त्या बाईची परीक्षा कुणी घेतलीच नव्हती. तिचा निकाल तिच्या जन्माआधीच लागला होता. दुसरं, माझ्या नकारात उणीव माझ्या टाकीची आहे. जुना लेप इथेनॉल सोसू शकत नाही, एवढंच तो नकार सांगतो. आजीच्या नकारात उणीव कायम समोरच्या माणसाची. आणि तिसरं, उद्या इथेनॉल सोसणारी टाकी, नळ्या आणि जोड बसले, विमानाला तशी परवानगी मिळाली, की माझा नकार संपला. सोवळ्याच्या नकाराला शेवटच ठेवलेला नव्हता.

20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. पाणी होतं तसंच राहिलं. परीक्षा उघड्यावर झाली, निकाल सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. तरीही नंतर त्या तळ्याचं ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं. पदार्थाला गुणधर्म असतात, ते मोजता येतात. माणसाच्या जातीने पाण्याचं काही होत नाही, हे तळ्याने दाखवलं होतं. ते पाहूनही न पाहणं, हाच अधर्म.

इथेनॉलबद्दल माझ्या मनात तिटकारा नाही. 2001 साली भारतात इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे पहिले प्रयोग झाले, त्यांत मनमाडबरोबर आमची मिरजही होती. ज्या उसावर माझ्या आप्तांची घरं चालतात, त्यातूनच ते येतं. इथल्या शेजाऱ्यांच्या मक्यातूनही येतं. माझ्या मोटारीत मी ते रोज भरतो. जिथे ते पेलतं तिथे त्याचं स्वागत आहे.

वाचकहो, आपल्या घरात, देवळात, सोयरिकीत जे जे ‘नको’ चालत आलं आहे, त्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. हे कधी तपासलं होतं का? उणीव नेमकी कुणाची? आणि हे संपणार कशाने? ज्या नकाराला यांची उत्तरं देता येत नाहीत, तो आजच सोडा.